दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची गोळी

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या कार्यक्रमात सभासदांसमोर केलेले भाषण. वेळेअभावी राहून गेलेले दोन मुद्दे छापताना जोडले आहेत.)



पंचवीस वर्षांचा हा आनंदाचा कार्यक्रम. माझ्या आधी बोललेल्यांनी पहिल्या प्लॉटच्या वाटपाच्या, पाण्याच्या टाकीच्या, रस्त्याकडेला लावलेल्या निंबाच्या झाडांच्या आठवणी सांगितल्या. समितीने मला मात्र ‘आरोग्य’ हा विषय दिला. मी डॉक्टर नाही, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. मी शहाद्याला एका मेडिकल दुकानात एकतीस वर्षे फार्मासिस्ट म्हणून काउंटरच्या आत उभा राहिलो. आरोग्यावर सल्ला देण्याचा माझा अधिकार तेवढाच. म्हणून आज सल्ला कमी देणार आहे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, म्हणजे एप्रिल-मे 2021 मध्ये, आपल्या सोसायटीत जे घडलं आणि त्यात माझा जो हात होता, तो सांगणार आहे.

यातल्या एका घरची वहिनी समोर बसल्या आहेत. त्यांची परवानगी घेऊनच बोलतोय. त्यांनी दोन अटी घातल्या. पहिली, नाव घ्यायचं नाही. दुसरी, नानांना दोष द्यायचा नाही. दोन्ही पाळतो.

आधी ते दिवस आठवा. 24 मार्च 2020 ला लॉकडाऊन जाहीर झाला. एप्रिलमध्ये आपल्या नंदुरबार जिल्ह्यात पहिले रुग्ण सापडले. पहिल्या लाटेत आपल्याकडे भीती जास्त आणि रुग्ण कमी होते. दुसऱ्या लाटेत दोन्ही एकदम वाढले. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड स्वतः डॉक्टर. त्यांनी पहिली लाट ओसरत असतानाच, सप्टेंबर 2020 मध्ये, जिल्हा रुग्णालयात हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा प्रकल्प उभा केला आणि नंतर त्यात भर घातली. त्यामुळे मोठमोठी शहरं सिलिंडरसाठी धावत होती तेव्हा नंदुरबारचं नाव देशभर चांगल्या कारणाने घेतलं गेलं. ही अभिमानाची गोष्ट आहेच. पण ऑक्सिजन दवाखान्यात होता. माणूस मात्र घरात होता, आणि घरातून दवाखान्यापर्यंत जायला तो घाबरत होता.

का घाबरत होता? तपासणी केली की अहवाल यायला दोन-तीन दिवस, कधी जास्तही लागायचे. पॉझिटिव्ह निघालं तर दारावर कागद, गल्लीला बांबू. शेजारचे खिडकीतून बघणार. दवाखान्यात नेलं तर नातेवाईकाला आत सोडत नव्हते. गेलेला माणूस परत येतो की नाही, याची खात्री नव्हती. खासगीत बिल किती होईल, याचा अंदाज नव्हता. कारखान्यात, शेतात, दुकानात काम करणाऱ्या माणसाला चौदा दिवस घरी बसणं परवडत नव्हतं. अशा वेळी माणूस काय करतो? आधी घरातला बिस्किटांचा डबा उघडतो. त्यात मागच्या आजारातल्या उरलेल्या गोळ्या असतात. त्या संपल्या की मेडिकलवर येतो आणि म्हणतो, “भाऊ, ताप-खोकल्याचं काहीतरी द्या. ते नाही ना, पण साधं आहे, वातावरण बदललंय.”

“ते नाही ना” हे शब्द मी त्या काळात रोज ऐकले. सांगणाऱ्याला ठाऊक असायचं, ऐकणाऱ्यालाही ठाऊक असायचं.

आता नानांची गोष्ट. नाना कारखान्याच्या शेतकी खात्यातून निवृत्त झालेले. एप्रिलच्या मध्यावर त्यांना ताप आला. त्यांनी तपासणी केली, अहवाल पॉझिटिव्ह आला, डॉक्टरांना दाखवलं. पहिला आठवडा घरीच काढला. आठव्या दिवशी बोटाला लावायच्या यंत्रावर, म्हणजे ऑक्सिमीटरवर, आकडा 91 आला. त्या दिवशी खाट मिळत नव्हती. डॉक्टरांनी घरीच ऑक्सिजनचं यंत्र लावायला सांगितलं, रक्ततपासण्या केल्या, साखर पाहिली आणि एक चिठ्ठी लिहून दिली. त्यात इतर औषधांबरोबर डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड होतं. डॉक्टर रोज सकाळ-संध्याकाळ फोनवर आकडे विचारत होते. बाराव्या दिवसापासून नाना सुधारले.

सगळ्या सोसायटीला आनंद झाला. आणि नानांनी, अगदी चांगल्या मनाने, त्या चिठ्ठीचा फोटो आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं की मला या औषधांनी गुण आला, कोणाला गरज पडली तर उपयोगी येईल.

त्या फोटोवर औषधांची नावं स्वच्छ दिसत होती. आठवा दिवस दिसत नव्हता. 91 हा आकडा दिसत नव्हता. रक्ताचे अहवाल, साखर, शेजारी ठेवलेलं ऑक्सिजनचं यंत्र, दिवसातून दोनदा येणारा डॉक्टरांचा फोन, यातलं काहीच त्या फोटोत नव्हतं.

पुढच्या पंधरा दिवसांत तो फोटो मोबाइलमध्ये घेऊन माझ्या काउंटरवर किती माणसं आली, हे मी नंतर बिलबुकावरून मोजलं. नुसत्या आपल्या सोसायटीतली अकरा. बाहेरची वेगळी. तेव्हा मी काय करायला हवं होतं? डेक्सामेथासोन हे शेड्यूल एच मधलं औषध. रुग्णाच्या स्वतःच्या नावाची डॉक्टरांची चिठ्ठी असल्याशिवाय ते द्यायचं नाही, असा कायदा आहे, आणि तो मला पाठ आहे. पहिल्या दोघांना मी परत पाठवलंही. ते दुसऱ्या दुकानातून घेऊन आले आणि जाता जाता मला दाखवून गेले. तिसऱ्यापासून मी द्यायला लागलो. आपलाच माणूस, रात्री नऊ वाजता दारात उभा, डोळ्यांत पाणी. स्वतःला सांगितलं की आपण नाही म्हटलं तर हा कुठे जाईल? आज कळतं, तो कुठे जायला हवा होता ते सांगायचं काम माझंच होतं.

त्या अकरांपैकी एक आप्पा. वय अठ्ठावन्न, पंधरा वर्षांपासूनचा मधुमेह. ताप येऊन दुसराच दिवस होता. आखाजी तोंडावर आलेली, मुलगी माहेरी यायची होती. मी गोळ्या दिल्या. त्याच संध्याकाळी आप्पांचा ताप उतरला. सकाळी त्यांचा फोन आला, एकदम खुशीत. म्हणाले, “भाऊ, जादू झाली. अंग दुखणं थांबलं, भूक लागली.” मलाही बरं वाटलं. चार जणांना मीच सांगितलं की आप्पांना उतार पडला.

ताप नाही म्हणून तपासणी केली नाही. अंग दुखत नाही म्हणून ऑक्सिजन मोजला नाही. भूक लागली म्हणून जेवण चाललं, रसही झाला. साखर कोणी पाहिलीच नाही. नवव्या दिवशी वहिनींच्या लक्षात आलं की आप्पा बोलताना मध्येच थांबतात. शेजारचं यंत्र आणून बोटाला लावलं, आकडा 82. साखर चारशेच्या वर. नंदुरबारला नेलं. तिथल्या लोकांनी शर्थ केली. अकराव्या दिवशी आप्पा गेले.

मी पुन्हा सांगतो, मी डॉक्टर नाही. आप्पा त्या गोळीनेच गेले, असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. त्या आजारात सगळं वेळेवर करूनही माणसं गेली. पण त्या गोळीने आप्पांचे सात दिवस खाल्ले, एवढं नक्की. त्या सात दिवसांत त्यांना कोणी तपासलं असतं, बोटाला यंत्र लागलं असतं, साखर आटोक्यात आली असती, तर त्यांना संधी मिळाली असती. ती संधी माझ्या हातून हुकली, हे ओझं मी वागवतोय. आज ते तुमच्यासमोर ठेवतो, कारण पुढची साथ आली तर काउंटरवर दुसरा कोणी असेल आणि दारात तुम्ही असाल.

आता थोडं समजून घेऊ, की जे औषध नानांना तारतं तेच आप्पांना का मारक ठरू शकतं.

कोरोनाच्या आजाराचे ढोबळ दोन भाग. पहिल्या आठवड्यात विषाणू शरीरात वाढत असतो आणि आपली प्रतिकारशक्ती त्याच्याशी लढत असते. ताप, अंगदुखी ही त्या लढाईची लक्षणं. बहुतेक माणसं इथेच बरी होतात. काही थोड्यांच्या बाबतीत दुसऱ्या आठवड्यात वेगळंच घडतं. विषाणू कमी झालेला असतो, पण प्रतिकारशक्ती भडकते आणि स्वतःच्याच फुफ्फुसांवर उठते. स्टिरॉइडचं काम प्रतिकारशक्तीला लगाम घालण्याचं. म्हणजे दुसऱ्या टप्प्यात भडकलेल्या बैलाला वेसण घातल्यासारखं आहे. पहिल्या टप्प्यात मात्र लढणाऱ्याचेच हात बांधल्यासारखं होतं. विषाणूला रान मोकळं.

हे कोणाचं मत नाही, मोजलेली गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये ‘रिकव्हरी’ नावाची मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष जून 2020 मध्ये जाहीर झाले. दवाखान्यात दाखल असलेल्या 6425 रुग्णांची त्यात तुलना होती. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमध्ये नेहमीच्या उपचारांवर शंभरातले 41 दगावत होते, डेक्सामेथासोन दिल्यावर 29. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत 26 वरून 23. पण ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांच्यात उलटं दिसलं. औषध न दिलेल्यांत 14 आणि दिलेल्यांत जवळजवळ 18. या शेवटच्या फरकाबद्दल शास्त्रज्ञ सावधपणे बोलतात, तो योगायोगही असू शकतो म्हणतात. पण फायदा नाही, हे स्पष्ट झालं. म्हणजे चहाच्या पैशांत मिळणारी गोळी. योग्य दिवशी, योग्य माणसाला दिली तर या साथीत तिच्याइतकी मोलाची गोळी क्वचितच सापडली. चुकीच्या दिवशी तीच घातक ठरू शकते.

दुसरी गोष्ट, स्टिरॉइडने बरं वाटतं. ताप उतरतो, अंगदुखी जाते, भूक लागते, हुशारी येते. आपल्याकडे औषध लागू पडलं की नाही याची एकच कसोटी, “ताप उतरी गया.” ती कसोटी इथे फसवते. या आजारात ऑक्सिजन कमी होत असतानाही माणसाला पुष्कळदा धाप लागत नाही. त्यात तापही नाही. मग घरच्यांना कळणार कशावरून?

तिसरी गोष्ट साखरेची. स्टिरॉइडने रक्तातली साखर वाढते, मधुमेह असेल तर फारच. वाढलेली साखर आणि दबलेली प्रतिकारशक्ती, हे काळ्या बुरशीला आमंत्रण. म्युकरमायकोसिस हा शब्द आपण मे 2021 मध्ये शिकलो. महाराष्ट्र आणि शेजारचा गुजरात, या दोन राज्यांत त्याचे रुग्ण फार मोठ्या संख्येने निघाले. नाकापासून सुरू होऊन डोळ्यापर्यंत, मेंदूपर्यंत जाणारा हा रोग. कोरोनातून वाचलेल्या काहींना जबडा गमवावा लागला, काहींना डोळा. त्याच महिन्याच्या सुरुवातीला दिल्लीच्या एम्सचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी जाहीरपणे सांगितलं होतं की सौम्य आजारात सुरुवातीलाच स्टिरॉइड घेऊ नका. टीव्हीवर ते मीही ऐकलं होतं. पण आपल्या ग्रुपवरचा फोटो टीव्हीपेक्षा जवळचा वाटतो. ओळखीचा माणूस बरा झालेला दिसतो ना!

स्टिरॉइडचंच कशाला, त्या दोन वर्षांत काउंटरवर लाटांमागून लाटा आल्या. मार्च 2020 मध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची. अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्या गोळीचं कौतुक केलं. आपल्या आयसीएमआरने ती आरोग्य कर्मचारी आणि रुग्णांच्या घरातील निकटवर्तीयांपुरती प्रतिबंधासाठी सुचवली, आणि बाकीच्यांनी डबे भरले. इतके, की सरकारला ती त्याच महिन्यात शेड्यूल एच-1 मध्ये टाकावी लागली. एच-1 म्हणजे दुकानदाराने डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत लिहायची आणि ती वही तीन वर्षं जपायची. ही मूळची मलेरियाची गोळी संधिवाताचे रुग्णही रोज घेतात. माझ्या ओळखीच्या एक ताई दहा वर्षांपासून ती घेत होत्या. त्यांना तीन आठवडे गोळी मिळाली नाही, बोटं आखडली. ज्यांना काही झालं नव्हतं त्यांच्या कपाटात ती पडून होती. पुढे चाचण्यांत कळलं की कोरोनात तिचा उपयोग नाही.

मग फॅविपिरावीर आली. जून 2020 मध्ये तिला आणीबाणीपुरती मर्यादित परवानगी मिळाली, रुग्णाची लेखी संमती घेण्याच्या अटीवर. सुरुवातीला एका गोळीची किंमत 103 रुपये. पहिल्या दिवशी दोनशे मिलिग्रॅमच्या 18 गोळ्या, पुढे रोज 8. हा हिशेब चिठ्ठी नसलेल्या माणसाला कोण समजावणार? कोणी दिवसाला दोन घ्यायचं, कोणी घरातल्या चौघांत एक पाकीट वाटून घ्यायचं. गर्भवतीला ही गोळी चालत नाही, हे कितीजणांना ठाऊक होतं?

आयव्हरमेक्टिन जंतांची गोळी. मार्च 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की चाचण्यांबाहेर ती कोरोनासाठी वापरू नका. मे महिन्यात शेजारच्या गोव्यात सरकारने अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना ती देण्याचं जाहीर केलं. म्हणजे गोंधळ सामान्य माणसाचाच होता असं नाही, सरकारंही चाचपडत होती. सप्टेंबर 2021 मध्ये आपल्या देशाच्या उपचार-मार्गदर्शिकेतून आयव्हरमेक्टिन आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन दोन्ही वगळल्या गेल्या. ॲझिथ्रोमायसिन तर जंतूंवरचं, म्हणजे बॅक्टेरियांवरचं औषध. विषाणूवर ते चालत नाही. तरी “ते तीन दिवसांचं पाकीट द्या” हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. असं उगाच घेतलेलं अँटिबायोटिक पुढे खऱ्या गरजेला निकामी ठरतं.

घरगुती उपायांचंही तेच. हळद-दूध, तुळस, सुंठ, मिरी, दालचिनीचा काढा आयुष मंत्रालयाने सुचवला होता. तो बेताने घेतला तर तक्रार नाही. आपण दिवसातून सहा वेळा घेतला आणि मग जळजळ होते म्हणून ॲसिडिटीची गोळी मागायला आलो. गुळवेलीचंही सांगतो. 2020 च्या शेवटच्या महिन्यांत मुंबईत यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. ते सहाही जण गुळवेल घेत होते. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, गुळवेलीला दोष देणं बरोबर नाही म्हटलं. त्या वादात मी पडत नाही. मी एवढंच म्हणतो, झाडपाल्याचं आहे म्हणून कितीही घ्यावं, असं कोणत्याही वैद्याने सांगितलेलं नाही.

आणि सगळ्यांची लाडकी पॅरासिटामॉल. ती चांगली गोळी आहे. पण साडेसहाशे मिलिग्रॅमची गोळी दिवसातून चार वेळा, वर सर्दीची गोळी तीन वेळा, आणि त्या सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल, हे लोकांना माहीत नसतं. धट्ट्याकट्ट्या माणसालाही चोवीस तासांत सगळं मिळून चार ग्रॅमच्या वर जायचं नाही. दारू घेणाऱ्याला, यकृताचा त्रास असणाऱ्याला त्याहून कमी. पाकिटामागची बारीक अक्षरं घरातल्या शिकल्या-सवरल्या नातवाकडून वाचून घ्या.

कोणी म्हणेल, भाऊ, साथ गेली, आता कशाला उकरता? साथ गेली, सवय राहिली. पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यू येतो, चिकुनगुन्या येतो. अंग मोडून येतं आणि माणूस दुखण्याची गोळी मागतो. डेंग्यू असेल तर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. मागच्याच पावसाळ्यात आपल्या ग्रुपवर एका चिठ्ठीचा फोटो आला होता. “चिकुनगुन्यावर रामबाण.” मी बघितला. त्यात पुन्हा स्टिरॉइड होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. आजच्या भाषणाचा विषय मी तेव्हाच ठरवला.

आता शेवटचं आणि मुख्य सांगतो.

आपली वसाहत सहकारावर उभी आहे. पी. के. अण्णांनी सातपुडा साखर कारखाना उभा केला आणि या भागाला सहकाराची सवय लावली. या सोसायटीतही आपण सगळं वाटून घेतो. लग्नाला भांडी, आजाऱ्याला डबा, रात्री-अपरात्री गाडी. लोणचं घातलं की चार घरी जातं. नानांनी चिठ्ठी टाकली ती याच सवयीने. म्हणून वहिनी म्हणतात, नानांना दोष देऊ नका, आणि ते खरं आहे. पण चिठ्ठी ही वाटून घ्यायची वस्तू नाही. ती एका माणसाची, एका दिवसाची, एका तपासणीवरून लिहिलेली असते. दुसऱ्याच्या चष्म्याने आपल्याला दिसत नाही, तसंच.

मग वाटण्यासारखं काय आहे? तेही आहे, आणि त्याच्यासाठी मी समितीपुढे चार गोष्टी ठेवतो.

एक. सोसायटीच्या कार्यालयात दोन ऑक्सिमीटर, दोन थर्मामीटर, एक रक्तदाबाचं यंत्र आणि एक साखर मोजायचं यंत्र ठेवावं. आप्पांच्या घरी यंत्र नवव्या दिवशी पोचलं, ते शेजारून. ते पहिल्या दिवशी पोचायला हवं होतं. यंत्रांसाठी माझ्याकडून पाच हजार रुपये मी आजच चेअरमन साहेबांकडे देत आहे.

दोन. साथीच्या दिवसांत एक वही. ज्या घरी आजारी माणूस आहे तिथे फोन करायचा आणि तापाचा कितवा दिवस, ताप किती, ऑक्सिजन किती, मधुमेह किंवा रक्तदाब आहे का, एवढं लिहायचं. कोरोनात आरोग्य खात्याने सहा मिनिटं चालण्याची चाचणी शिकवली होती, ती आठवा. ऑक्सिजन मोजायचा, घरातल्या घरात सहा मिनिटं चालायचं, पुन्हा मोजायचा. आकडा 93 च्या खाली गेला किंवा चालल्यावर तीनपेक्षा जास्त उतरला, तर थांबायचं नाही. असं काही दिसलं की फोन डॉक्टरांना. वही लिहिणारा औषध सांगणार नाही, हा नियम. तरुण मुलामुलींनी हे काम घ्यावं, त्यांना ते जमतं.

तीन. आपल्या ग्रुपवर कोणत्याही चिठ्ठीचा, गोळीच्या पाकिटाचा फोटो टाकायचा नाही. त्याऐवजी डॉक्टरांचे, ॲम्ब्युलन्सचे नंबर टाका. 108 हा नंबर सगळ्यांना पाठ हवा. कोण गाडी चालवायला तयार आहे, हेही लिहा. “मला कोणत्या गोळीने गुण आला” हे सांगण्यापेक्षा “मी कितव्या दिवशी डॉक्टरकडे गेलो” हे सांगा. ते दुसऱ्याच्या खरोखर कामी येतं.

चार. घरोघरचा तो बिस्किटांचा डबा. येत्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी या सभागृहात बसणार आहे. आपापला डबा घेऊन या. मुदत संपलेल्या, अर्धवट उरलेल्या, कशाच्या आहेत ते आठवत नसलेल्या गोळ्या आपण वेगळ्या काढू. फी काही नाही, चहा मात्र घ्यावा लागेल.

एक सूचना जाता जाता. माझं बोलणं ऐकून डॉक्टरांनी दिलेलं चालू औषध कोणी बंद करू नका. दम्यासाठी, संधिवातासाठी कोणाला स्टिरॉइड चालू असेल तर ते अचानक थांबवणंही धोक्याचं असतं. शंका असेल तर ज्यांनी लिहून दिलं त्यांनाच विचारा. विचारायला लाजू नका, आणि फोन उचलला नाही तर पुन्हा लावा.

शेवटी माझ्यासारख्या काउंटरमागच्या माणसांना, आणि आपल्या सोसायटीतली दोन मुलं आता फार्मसी करत आहेत त्यांना सांगतो. समोरचा माणूस रडत असतो, रागावतो, दुसऱ्या दुकानात जाईन म्हणतो. जाऊ द्या. पण त्याला नुसतं “चिठ्ठी आणा” म्हणून पाठवू नका. त्याला विचारा, कितवा दिवस? साखर आहे का? बोटाला यंत्र लावून बघा. डॉक्टरांचा फोन तुम्हीच लावून द्या. दोन मिनिटं लागतात. मी ती दोन मिनिटं त्या रात्री दिली नाहीत.

वहिनी, तुम्ही मला बोलायची परवानगी दिलीत, तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानू ते कळत नाही. आप्पांनी लावलेला पारिजातक तुमच्या दारात यंदाही बहरला. आम्ही सगळे सकाळी तिथूनच जातो.

सोसायटीच्या पुढच्या पंचवीस वर्षांना शुभेच्छा देतो आणि आपली रजा घेतो. रविवारी डबा विसरू नका.